तबकडीच्या मधोमध : रॉक अँड रोलचा इतिहास शिकवताना

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत रॉक अँड रोलचा इतिहास हा आता नवलाईचा विषय राहिलेला नाही. चार्ली गिलेटचे 'द साउंड ऑफ द सिटी' १९७० साली आले. ते मुळात कोलंबिया विद्यापीठातल्या त्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून वाढलेले पुस्तक, आणि त्या काळी असा विषय प्रबंधाला घेणे हेच धाडस होते. पुढच्या पिढीत या विषयाला रीतसर पाठ्यपुस्तके मिळाली. रीबी गारोफालो यांचे 'रॉकिन आउट' १९९७ साली आले, जॉन कोव्हाच यांचे 'व्हॉट्स दॅट साउंड?' २००६ साली. कोव्हाच रोचेस्टर विद्यापीठात शिकवतात आणि २०१३ पासून त्यांचा हा अभ्यासक्रम इंटरनेटवरही मिळू लागला. मी स्वतः कुठल्याही महाविद्यालयात शिकवत नाही. हा अभ्यासक्रम मी घरी बसून, विद्यार्थी म्हणून पुरा केला आणि मग त्याच्या अवतीभवतीची पुस्तके एकेक करून वाचत गेलो. पुढचे म्हणणे त्यामुळे बाकावर बसलेल्याचे आहे.

वर्गात हा इतिहास मुख्यतः दोन कथांच्या रूपाने पोहोचतो. पहिली कथा संगमाची. काळ्यांचा ऱ्हिदम अँड ब्लूज, गोऱ्या दक्षिणेचे कंट्री आणि शहरी पॉप असे तीन प्रवाह, १९५५ च्या सुमारास ते एकत्र येतात आणि नवे संगीत जन्माला येते. दुसरी कथा चोरीची. संगीत काळ्यांनी घडवले, गोऱ्यांनी ते उचलले आणि पैसा केला. पहिली कथा जुन्या पाठ्यपुस्तकांची लाडकी. दुसरी आजचे विद्यार्थी वर्गात येतानाच सोबत घेऊन येतात. दुसरीत तथ्य अधिक आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माझी तक्रार दोन्हींविषयी एकच आहे. नेमके काय एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि ते कोणत्या कागदाच्या आधारे गेले, हे दोन्ही कथा विचारत नाहीत. त्यासाठी रेकॉर्ड ऐकून भागत नाही. तिच्या मधोमध चिकटवलेले गोल लेबल वाचावे लागते.

कोव्हाच यांच्यापासून सुरुवात करतो, कारण त्यांची पद्धत मला मनापासून आवडते. ते संगीतशास्त्राचे माणूस. निवडलेल्या प्रत्येक गाण्यासाठी पुस्तकात मिनिट-सेकंदांनिशी श्रवणाचा तक्ता दिलेला असतो : इथे बारा बारचा ब्लूज सुरू होतो, इथे धृपद, इथे सॅक्सोफोनचा एकल तुकडा. ज्याने पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण कधी घेतले नाही अशा माझ्यासारख्याला या तक्त्यांनी ऐकायला शिकवले. शिवाय रॉकच्या जन्माची त्यांची कसोटी भाबडी नाही. 'पहिले रॉक गाणे कोणते' या कधीच न संपणाऱ्या वादात ते फार रमत नाहीत. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या बाजारातली गाणी मोठ्या संख्येने पॉपच्या बाजारात शिरू लागली तो क्षण ते महत्त्वाचा मानतात. म्हणजे त्यांची कसोटी बाजाराची आहे. रेडिओ, कंपन्या, एकाच गाण्याच्या काळ्या-गोऱ्या आवृत्त्या, सारे त्यांच्या पुस्तकात आहे. पण ते पार्श्वभूमी म्हणून येते. गाण्याचा तक्ता सुरू झाला की व्यवहार बाजूला राहतो. विद्यार्थ्याच्या मनात मग दोन वेगळ्या वह्या तयार होतात, एक सुरांची आणि एक पैशांची. एका वहीतली ओळ दुसरीतल्या कुठल्या ओळीला जोडलेली आहे, हे त्याला कधी कळत नाही.

हा जोड दाखवायला एकच रेकॉर्ड घेऊन बसायचे झाले तर मी 'मेबलीन' घेईन. चक बेरी हा सेंट लुइसचा, केशरचनेचे प्रशिक्षण घेतलेला, रात्री क्लबात गिटार वाजवणारा तरुण. तो शिकागोला गेला, मडी वॉटर्सने त्याला लेनर्ड चेसचा पत्ता दिला, आणि २१ मे १९५५ रोजी चेस कंपनीत त्याने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाण्याचा सांगाडा 'आयडा रेड' या जुन्या गोऱ्या ग्रामीण चालीवरचा. बॉब विल्सने ती १९३८ साली रेकॉर्ड केली होती. काळा गायक, कंट्रीची चाल, ब्लूजची गिटार. संगमाच्या कथेला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, आणि बहुतेक वर्गांत ते त्यासाठीच वाजवले जाते. गाणे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिले आले आणि पॉपच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले.

आता लेबल. कर्ता म्हणून तिथे तीन नावे आली : बेरी, फ्रॅटो, फ्रीड. रस फ्रॅटो हा चेस बंधूंच्या व्यवहारातला परिचित; गाणे रचण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ॲलन फ्रीड मात्र पाठ्यपुस्तकातला नायक आहे. क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कच्या विन्स केंद्रावर आलेला हा रेडिओ निवेदक 'रॉक अँड रोल' हे नाव घरोघरी पोहोचवणारा म्हणून शिकवला जातो. त्यानेही या गाण्याचा एक सूर रचलेला नव्हता. त्याने ते वाजवावे, पुन्हा पुन्हा वाजवावे, म्हणून त्याला गाण्याचा हिस्सा दिला गेला. रॉयल्टीचा हिशेब हाती आला तेव्हा आपल्याला हे कळले, असे बेरीने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. ती दोन नावे निघायला १९८६ साल उजाडले.

वर्गात इथे फळ्यावर हिशेब मांडावा. १९०९ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे गाण्याच्या हक्कदाराला दोन सेंट मिळत. हा दर १९७८ पर्यंत बदलला नाही. प्रथेनुसार अर्धा वाटा प्रकाशकाचा. आणि 'मेबलीन'ची प्रकाशक आर्क म्युझिक ही संस्था चेस बंधूंच्याच भागीदारीतली होती. नुसते उदाहरण म्हणून दहा लाख प्रती धरू. वीस हजार डॉलर होतात. दहा हजार प्रकाशकाचे. उरलेल्या दहा हजारांचे तीन समान भाग केले तर रचणाऱ्याच्या वाट्याला तीन हजार तीनशे तेहतीस डॉलर येतात आणि तेवढेच वाजवणाऱ्या निवेदकाच्या. शिवाय रेडिओवर गाणे वाजले की त्याचे शुल्क गाण्याच्या कर्त्यांना जाते. फ्रीड आपल्या कार्यक्रमात ते लावत असे तेव्हा तो एका परीने स्वतःच्याच खात्यात नाणे टाकत होता.

पण फ्रीडला खलनायक करून धडा संपवला तर काही शिकवलेच नाही असे होईल. काळ्या गायकांच्या गाण्यांच्या गोऱ्यांनी केलेल्या नकला न वाजवता मूळ रेकॉर्डच वाजवायची, यासाठी हाच माणूस ओळखला जाई. १९५९ च्या अखेरीस पैसे घेऊन गाणी वाजवण्याचे प्रकरण गाजले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, फ्रीडची नोकरी गेली आणि १९६२ साली गुन्हा कबूल करून त्याने तीनशे डॉलर दंड भरला. रोख रकमेवरून एवढा गदारोळ झाला. गाण्याच्या मालकीत हिस्सा घेणे ही त्याहून मोठी आणि वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी देवघेव, पण ती उघड लेबलावर छापलेली होती.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कायद्याला गाण्यातले काय दिसत होते? शब्द आणि कागदावर लिहिता येणारी चाल. एवढेच. गायकाच्या गळ्याची धाटणी, ठेका, पियानोचा तुकडा, सॅक्सोफोनची जागा, म्हणजे आपण ज्याला संगीत-संयोजन म्हणतो ते, कायद्याच्या लेखी कोणाचेच नव्हते. एकदा एखादे गाणे हक्कदाराच्या संमतीने रेकॉर्ड झाले की कोणीही दोन सेंट भरून ते पुन्हा रेकॉर्ड करू शके. ध्वनिमुद्रणालाच संघराज्याच्या कायद्याने स्वामित्वहक्क मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डना.

या बाबतीतला एक खटला मला कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात पाहायला आवडेल. 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' हे गाणे सुप्रीम या छोट्या, काळ्या मालकाच्या कंपनीने पॉला वॉटसनकडून १९४८ साली गाऊन घेतले. डेक्का या बड्या कंपनीने तेच गाणे एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून करून घेतले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. आमचे संयोजन उचलले, अशी तक्रार घेऊन सुप्रीम न्यायालयात गेली. १९५० साली निकाल डेक्काच्या बाजूने लागला. रॉक अँड रोलच्या जन्माची म्हणून जी वर्षे शिकवली जातात त्यांच्या चार-पाच वर्षे आधीच कंपन्यांना रस्ता मोकळा आहे हे कळून चुकले होते.

म्हणून १९५५ साली लाव्हर्न बेकरच्या बाबतीत जे घडले ते त्या एकटीचे दुर्दैव नव्हते. तिने ॲटलांटिकसाठी गायलेले 'ट्वीडली डी' जॉर्जिया गिब्जने मर्क्युरीसाठी गायले, जवळजवळ त्याच संयोजनात, आणि पॉपच्या यादीत बेकरच्या कितीतरी वर नेले. गाण्याचा कर्ता विनफील्ड स्कॉट हाही काळाच. कायद्याने त्याला दोन्ही रेकॉर्डवर हक्क होता. गिब्जच्या रेकॉर्डवर बेकरला काहीच नव्हते. बेकर डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे गेली आणि संयोजनाला संरक्षण द्यावे म्हणून कायदा बदलण्याची मागणी तिने केली. काही झाले नाही. विमानप्रवासापूर्वी तिने विमा उतरवला आणि वारस म्हणून गिब्जचे नाव घातले, 'मी गेले तर तुझे कसे होणार' म्हणून, असा किस्सा सांगितला जातो. वर्गात किस्सा हमखास सांगितला जातो आणि त्यावर हशाही होतो. डिग्ज यांच्याकडे केलेली मागणी बहुधा राहून जाते. खरे तर या सगळ्या काळाचे सर्वांत नेमके विश्लेषण त्या मागणीत आहे, आणि ते कोणा प्राध्यापकाने नव्हे तर पंचविशीतल्या गायिकेने केलेले आहे.

आता चोरीच्या कथेचे हमखास उदाहरण : 'हाउंड डॉग'. बिग ममा थॉर्नटनने ते ऑगस्ट १९५२ मध्ये रेकॉर्ड केले आणि १९५३ साली ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिले होते. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने गायले आणि जगभर झाले. काळ्या स्त्रीचे गाणे गोऱ्या पुरुषाने पळवले. विद्यार्थी मान डोलावतात, तास संपतो. लेबल मात्र वेगळेच सांगते. गाण्याचे कर्ते जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघे एकोणीस वर्षांचे गोरे ज्यू तरुण. थॉर्नटनची कंपनी पीकॉक, मालक ह्यूस्टनचा डॉन रोबी, काळा माणूस. दुसऱ्यांच्या गाण्यांवर डेड्रिक मलोन या टोपणनावाने स्वतःला कर्ता म्हणून चढवण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता. प्रेस्लीने जी आवृत्ती उचलली ती थॉर्नटनची नव्हेच. लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल आणि त्याचे साथीदार शब्द बदलून जे विनोदी रूप सादर करत, ते त्याने घेतले. म्हणजे सरळ रेघ कुठेच नाही.

मग थॉर्नटनवर अन्याय झाला नाही का? झाला, आणि कथेत सांगतात त्याहून खोल झाला. त्या रेकॉर्डमधले जे तिचे होते, शब्दांना मागेपुढे ओढण्याची तिची रीत, गुरगुर, मधल्या आरोळ्या, ते कोणाकडून चोरीला जाण्याइतपतही तिच्या मालकीचे नव्हते. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या गाण्याचा तिला पाचशे डॉलरचा एक धनादेश मिळाला. मॉरीन मेहन यांनी 'ब्लॅक डायमंड क्वीन्स' या २०२० च्या पुस्तकात थॉर्नटन, बेकर यांसारख्या गायिकांना 'प्रभाव' या कोपऱ्यातून बाहेर काढून इतिहासाच्या मध्यभागी आणले आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २०२४ साली थॉर्नटनला जागा दिली, ती पुन्हा 'प्रभाव' याच सदराखाली. तिला जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

लेबलही सज्जन साक्षीदार नाही, हे शिकवणाऱ्याने आधीच सांगून ठेवावे. 'शेक, रॅटल अँड रोल'चा कर्ता म्हणून चार्ल्स कॅलहून असे नाव आहे. तो प्रत्यक्षात जेसी स्टोन, ॲटलांटिकच्या आवाजाला आकार देणारा अनुभवी काळा संयोजक. नाव लपले ते व्यवहारापोटी. त्याचप्रमाणे विक्रीच्या याद्याही डोळे मिटून वापरू नयेत. बिलबोर्ड साप्ताहिकाने नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात ऱ्हिदम अँड ब्लूजची यादी छापलीच नाही. ती पॉपच्या यादीसारखीच होऊ लागली होती, असे कारण दिले जाते. बीटल्स फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आले ते बरोबर या मोकळ्या जागेत. याद्यांवर बेतलेल्या पाठ्यपुस्तकात १९६४ हे साल ब्रिटिशांचे होऊन बसते, याला बीटल्सची गुणवत्ता कारण आहेच. पण दुसरी बाजू मोजणारे मापच तेव्हा मोडून ठेवले होते, हेही आहे.

संयोजकाचे नाव कुठेच नसणे आपल्या वाचकांना अपरिचित नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त १९५१ साली जो पाश्चात्त्य ठेका ऐकू येतो त्यामागे चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात आहे. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा आहे. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट'ने आणि ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन'ने ही नावे पुढे आणली. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची जी तजवीज झाली तीत संयोजक हा कर्ता म्हणून येत नाही. तुलना इथेच थांबवतो. वंशभेदाचे जे ओझे अमेरिकेतल्या या कहाणीवर आहे ते आपल्या उदाहरणांवर लादणे बरोबर नाही.

माझ्या सूचनेवर एक आक्षेप सहज येईल. अठरा-वीस वर्षांची मुले हा विषय घेतात ती गाणी ऐकायला मिळतील म्हणून. त्यांच्यापुढे करारनामे आणि निकालपत्रे ठेवली तर वर्ग रिकामा होईल. मला तसे वाटत नाही. बेकरचे 'ट्वीडली डी' लावावे, लगेच गिब्जचे लावावे, आणि विचारावे : दुसऱ्यात पहिलीचे काय काय आहे? मुले मोजू लागतील. हा ठेका, ही सॅक्सोफोनची जागा, इथला श्वास. फळा भरला की सांगावे की १९५५ च्या कायद्याचे उत्तर 'काही नाही' असे आहे. कान तयार करण्याचे जे काम कोव्हाच यांचे तक्ते करतात तेच काम इथेही होते. फक्त मुलांना आता कळते की आपला कान जे ऐकतो आहे ते ऐकायला न्यायालय तयार नव्हते. त्या तक्त्यांत मिनिट, सेकंद, वाद्य असे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : या जागेचे पैसे कोणाला मिळाले?

हा रकाना भरणे नेहमी सोपे नसते, आणि त्यासाठी 'मेबलीन'कडे पुन्हा वळावे लागते. त्या रेकॉर्डवर पियानो जॉनी जॉन्सनचा आहे. ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री आजारी सॅक्सोफोनवादकाच्या जागी बेरीला बोलावून घेणारा हाच; तो तिघांचा चमू मुळात जॉन्सनचा होता. बेरीची कितीतरी गाणी गिटारला अडचणीच्या आणि पियानोला सोयीच्या स्वरांत बसवलेली आहेत, 'जॉनी बी. गुड' बी फ्लॅटमध्ये आहे. कीथ रिचर्ड्सने १९८७ च्या 'हेल! हेल! रॉक 'एन' रोल' या चित्रपटात यावर बोट ठेवले : या चाली गिटारवर सुचलेल्या नाहीत. म्हणजे फ्रीड-फ्रॅटोने ज्याला लुटले त्या बेरीच्या एकट्या नावाखाली आणखी एक माणूस असू शकतो. नोव्हेंबर २००० मध्ये जॉन्सनने बेरीवर दावा लावला की अनेक गाण्यांचा मी सहकर्ता आहे. २००१ साली हॉल ऑफ फेमने जॉन्सनला 'साथीदार' या वर्गात सन्मानित केले. २००२ साली न्यायालयाने दावा फेटाळला. गाणी कोणाची, हे तपासून नव्हे, तर फार वर्षे उलटून गेली म्हणून.